दुसऱ्या घरचा चहा

पोरीच्या घरचा चहा पिऊन सोयरीक ठरवू नये, ही माझी पहिली अट. पोरीच्या घरचा चहा गोडच असतो. त्यात साखर असते, वेलची असते, आणि वरून तिच्या आईचा जीव असतो. मुलाच्या घरचा चहा तर मी धरतच नाही. चहा प्यावा तो दुसऱ्या घरचा, म्हणजे त्याच आडनावाच्या भाऊबंदाच्या घरचा.

मी वर्ध्याच्या पिपरी मेघेत राहते आणि उभा जन्म लग्नं जुळवण्यात घातला. आता डोळे अधू झाले, गुडघे बोलतात, आणि पोरंपोरी मोबाईलवर बोट फिरवून एकमेकांना पसंत-नापसंत करतात, म्हणून दुकान बंद केलं आहे. दुकान म्हणायचं आपलं. एक दिवाण, दोन खुर्च्या आणि माझं डोकं, एवढंच भांडवल होतं. आमच्या बौद्ध समाजात पत्रिका नाही, मुहूर्त नाही, गुण जुळवणं नाही. मग पाहायचं काय? माणूस पाहायचा. आणि माणूस तर कांदेपोह्याच्या दिवशी इस्त्री करून बसलेला असतो. म्हणून त्याचे भाऊबंद पाहायचे.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही, म्हणून सांगते. एका आडनावाची, एका मुळाची घरं म्हणजे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. त्यामुळे लग्न जुळवणाऱ्याला आधी आडनाव ठाऊक पाहिजे, आणि ते कोणकोणत्या गावात पसरलंय हे ठाऊक पाहिजे. मी काही लिहून ठेवलं नाही. एस.टी.च्या खिडकीपाशी बसले, की माझे डोळे आपोआप मिटायचे. झोप नव्हे ती. गाडी चालली की आडनावं दिसायची. इथं थूल, त्या नाल्यापलीकडं नगराळे, चिंचेच्या झाडापाशी ताकसांडे, पुढच्या फाट्याला मून. प्रत्येक घराच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं आहे आणि माझ्या गाडीकडं पाहून हात वर करतंय, असं वाटायचं. कंडक्टर हलवायचा, "मावशी, आलं तुमचं गाव." मी म्हणायचे, सगळीच माझी आहेत बाबा, तू कोणतं म्हणतोस?

तर दुसऱ्या घरचा चहा. भाऊबंद खोटं बोलत नाही असं नव्हे, पण त्याचं खोटं ओळखू येतं. आर्वीकडच्या एका मुलाच्या काकाकडं गेले होते. काका पुतण्याची आरती ओवाळत होता. असा पोट्टा जिल्ह्यात नाही, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. एक तक्रार नाही. मी अर्धा कप तसाच ठेवून उठले. भाऊबंद आणि तक्रार नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. पुढं कळलं, पोरगा पिऊन काकाच्याच दारात गोंधळ घालायचा, आणि एकदा लग्न झालं की ही ब्याद सासरवाडीच्या गळ्यात जाईल असा काकाचा बेत होता.

उलट हिंगणघाटकडं एका मुलाचा भाऊबंद भेटला, तो चहा गार होईस्तोवर शिव्याच देत होता. बांध कोरला, विहिरीवर मोटार बसू दिली नाही, बोलत नाही आम्ही एकमेकांशी. मी शेवटी माझा ठरलेला प्रश्न टाकला. म्हटलं, त्यांनी जेवायला बोलावलं तर जाल का? तो माणूस रागावलाच माझ्यावर. "म्हंजे? भाऊ हाय तो माह्या. जाईन नाई तं काय." मी तिथंच सोयरीक पक्की केली. भांडतो पण जेवायला जातो, ते घर चांगलं. त्या घरात दिलेली पोरगी म्हणजे तळेगाव श्यामजी पंतच्या नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याची बहीण. ती आजही सुखात आहे, आणि नामदेवराव तेव्हापासून माझ्या या कायद्याचे माझ्यापेक्षा कडक पुजारी झाले आहेत.

हाच कायदा माझ्या गळ्यात आला तो अनुराधाच्या वेळी. दुकान बंद केल्यानंतरची ही गोष्ट. अनुराधा आमच्या वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स. माझ्या गुडघ्याला शेक द्यायची, हात हलका, बोलणं मोजकं. एकदा तिच्या छातीवरची पाटी वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. अनुराधा एक्सट्विसल. म्हटलं, हे कुठलं गं? म्हणाली, वडनेरचं.

वडनेर म्हणजे हिंगणघाट तालुका. तिथली सगळी घरं माझ्या डोळ्यांपुढं आहेत. पण हे आडनाव कधी ओट्यावर बसलेलं दिसलं नव्हतं. मग तिनं सांगितलं. तिच्या पणजोबाचा बाप विलायतेच्या लँकेशायरातून आलेला फिटर. कापसातली सरकी काढायचे रेचे हिंगणघाटात बसवायला आला, आणि रेच्यावर काम करणाऱ्या सोनाबाईपाशी राहिला. परत गेलाच नाही. त्याला एक पोरगा, त्याला एक, त्यालाही एकच. दीक्षेच्या वर्षी सगळ्या वस्तीबरोबर तिचे आजोबा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले. आडनाव मात्र तेच राहिलं. गावात सगळे नुसतं टिसल म्हणायचे. अनुराधाचे वडील एस.टी.त कंडक्टर होते, ते वारले. आता वडनेरात तिची आई, आणि ही एकुलती. भाऊ नाही, चुलता नाही. चुलत चुलताही नाही.

"माहेरचं नाव बदलायचंच असते ना मावशी," ती म्हणाली. "पण हे नाव गेलं तं बाबा आणखी एकदा गेल्यासारखं वाटन मले." हे सांगताना ती माझ्या गुडघ्याकडंच पाहत होती.

जन्मभर पोरींची लग्नं लावली आणि प्रत्येक लग्नात एक नाव पुसलं, हे मला कधी टोचलं नव्हतं. थूलांची पोरगी मून झाली तर थूल काय संपतात? त्यांच्या घरटी चार पोरं. पण हिच्यापाशी मात्र अख्खं आडनाव संपणार होतं. त्या दिवसापासून दुपारी दिवाणावर पडले की मला वडनेरच्या अंधारात एकच दिवा दिसायचा. आजूबाजूला दुसरा नाही. आणि तो मालवायला पदर सावरत मीच निघालेली असायची.

तरी सवय जाते कुठं. नामदेवरावांचा मुलगा पंकज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, समजूतदार, पोरीला पोरगा आणि पोराला पोरगी पाहताक्षणी आवडली. पंकजची आईही खूश. मी मनात म्हटलं, झालं. नामदेवरावांनी पान चघळत विचारलं, "दुसऱ्या घरचा चहा कुठी पिल्या तुमी?"

म्हटलं, दुसरं घर नाही.

"नाई कसं? आडनाव हाय तं घर असनच."

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. माणूस वाईट नाही, जातपात काढणारा नाही, गोरा-काळा बोलणारा नाही. पण शेतकरी गडी, एकदा बांध घातला की घातला. म्हणाले, "बाई, माह्या बहिणीच्या वक्ती तुमीच कायदा सांगतला. भाऊबंद नाई तं त्या घराची साक्ष कोन देईन? सुखात कोनीबी येते. दुखात धावून येनारा एक तं दाखवा. एक घर दाखवा, म्या उद्या साखर वाटतो." आता बोला. माझीच काठी, माझंच डोकं. पंकजनं बापाशी अबोला धरला, अनुराधानं मला फोन करून सांगितलं की राहू द्या मावशी, आणि मला दोन घास गोड लागेनात. पोरगी तिशी ओलांडलेली. हा मुलगा हातचा गेला असता, तर तिनं पुन्हा कुणाला हो म्हटलं नसतं, हे मी तिच्या आवाजावरून ओळखलं.

मीच तिला खोदून खोदून विचारलं. आठव, बाबा कुणाचं नाव घ्यायचे, कुणी कधी आलं होतं का. तेव्हा ती लाजत म्हणाली, एक बाई आहे, पण ती फसवणुकीवाली असेल. तिच्या मोबाईलवर केव्हापासून विलायतेतल्या कुणा म्हातारीचे निरोप येत होते. माझं आडनाव आणि तुझं आडनाव एक आहे, तू कोण? अनुराधाला वाटलं, आता ही लॉटरी लागली म्हणेल आणि बँकेचा नंबर मागेल. म्हणून उत्तरच दिलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, पैसे न मागता इतके दिवस कोण मागं लागतं? भाऊबंदच.

अनुराधानं मग उत्तर धाडलं. त्या बाईंचं नाव डोरोथी एक्सट्विसल. वय ऐंशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, आयुष्य सूतगिरणीत गेलेलं. आणि छंद ऐकाल तर हसाल. आपलं आडनाव जगात कुठं कुठं आहे, ते शोधत बसायचं. भिंतीवर नकाशा, घर सापडलं की टाचणी. एका टेकडीभोवती टाचण्यांचा पुंजका, एखाददुसरी कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. हिंदुस्थान कोरा. मला हे अनुराधानं सांगितलं तेव्हा अंगावर काटाच आला. सातासमुद्रापलीकडं एक म्हातारी भिंतीशी बसून तेच करत होती, जे मी एस.टी.च्या खिडकीत डोळे मिटून करत होते.

मी नामदेवरावांना निरोप धाडला, वडनेरला या, दुसऱ्या घरचा चहा प्यायचा आहे. ते आले, पण फोन पाहून दारातच अडले. फोनातलं घर काय घर असतं का, म्हणे. म्हटलं, बसा तर खरं. अनुराधाच्या आईनं चूल पेटवावी तसा गॅस मोठा केला. तिकडं डोरोथीबाईंनाही सांगून ठेवलं होतं, त्यांनी किटली ठेवली. तिकडं सकाळ, इकडं दुपार कलती. दोन्हीकडून एकदमच वाफ निघाली आणि फोनाची काच मिनिटभर नुसती पांढरी दिसली.

मग ती दिसली. बारकीशी, पांढऱ्या केसांची, स्वेटर घातलेली. अनुराधा मधे बसून इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सांगत होती. मी कप उचलला, बाईंनी कप उचलला, आणि चहाला सुरुवात झाली.

मी विचारलं, मूळ गाव कोणतं? हा माझा नेहमीचा पहिला प्रश्न. बाई फोन घेऊन उठल्या, हळूहळू खिडकीपाशी गेल्या. बाहेर हिरवी ओली टेकडी, वर धुकं, आणि खाली दोन ओहोळ येऊन मिळतात ती जागा त्यांनी बोटानं दाखवली. त्या दोन ओहोळांच्या बेचक्यात पूर्वी बैल राखायचे. बैलांची बेचकी, एवढाच त्यांच्या जुन्या भाषेत त्या नावाचा अर्थ. तिथलं गाव फार लहान होतं. आता गाव असं उरलेलंच नाही, एक पडकं घर आणि गवत.

मी म्हटलं, मग नाव माणसांना कसं लागलं? त्यावर बाई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारतं? जो गाव सोडून निघाला, त्यालाच पुढच्या गावात विचारतात, कुठला रे तू? त्याचं उत्तर म्हणजे आमचं आडनाव.

खरंच की. वडनेरात कुणी वडनेरकर नसतो. मी इतकी आडनावं हाताळली आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझे डोळे मिटायला लागले. धुक्यातून एक माणूस खांद्यावर पिशवी टाकून उतरतोय, कुणीतरी विचारतंय कुठला रे तू, आणि तो सांगतोय, दर गावात सांगतोय, बोटीत सांगतोय, शेवटी हिंगणघाटच्या घाटावर सोनाबाई विचारते आणि तिलाही सांगतोय.

अनुराधानं त्या फिटरबद्दल सांगितलं तेव्हा डोरोथीबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या आजोबांचा एक काका यंत्रांबरोबर परदेशी गेला होता. त्याची काही खबर आली नाही, म्हणून वाटेतच वारला असं धरून घरच्यांनी रडून घेतलं होतं. तो हाच, असं छातीठोक नाही सांगता येत, त्या म्हणाल्या. पण असावा, असं त्यांचं मन म्हणत होतं. अनुराधाच्या आईनं पदर डोळ्याला लावला. तिकडं ज्याचं सुतक फिटलं होतं, त्याची पणतसून ही इकडं चहा गाळत होती.

इतका वेळ नामदेवराव खुर्चीत आडवे होते. आता पुढं सरकले आणि त्यांनीच विचारलं, "बैलं होते म्हन्ता, तं आता काऊन नाई?"

बाई म्हणाल्या, गिरण्या आल्या. माणसं गिरणीत गेली, बैल विकले. मग गिरण्याही गेल्या. नाव तेवढं राहिलं.

नामदेवरावांनी त्याच वर्षी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला होता. पोळ्याच्या दिवशी ते सकाळीच शेतावर निघून गेले होते, असं पंकजची आई मला म्हणाली होती. आता त्यांनी फक्त मान हलवली आणि कपातला चहा संपवला.

मग मी माझा शेवटचा प्रश्न टाकला. अनुराधाला म्हटलं, विचार, तुझ्या आईनं जेवायला बोलावलं तर याल का?

अनुराधानं विचारलं. डोरोथीबाई तोंडातल्या तोंडात काही बोलल्या. अनुराधा फोनाकडंच पाहत राहिली. मी म्हटलं, सांग की. ती म्हणाली, "मावशी, त्या म्हन्तात, या नावाच्या मानसानं मले आजवर कोनी जेवाले बोलावलंच नाई. टाचण्या लावल्या, पत्रं धाडले, पन बोलावलं नाई कोनी. बोलवा, येतो."

मी नामदेवरावांकडं पाहिलं. त्यांनी पान थुंकायच्या निमित्तानं अंगणात जाऊन यायला वेळ लावला. परत आले ते पिशवीतून साखरेचा पुडा काढतच आले. माणूस पुडा घेऊनच आला होता, आणि मला मात्र तासभर घोर लावला होता.

फोन ठेवण्याआधी अनुराधानं विचारलं, आता वडनेरची टाचणी लावणार ना? बाई म्हणाल्या, लावली. पण त्यांचाही एक कायदा होता, आणि तो त्यांनी कच न खाता सांगितला. पोरीचं लग्न झालं, नाव बदललं, की ती टाचणी त्या काढतात. त्यांच्या सगळ्या बहिणींच्या त्यांनी अशाच काढल्या. अनुराधा हसून बरं म्हणाली. मला ते हसणं आवडलं नाही. तिनं नावाची अट कुणापुढं घातली नव्हती, आणि मीही जुळत आलेल्या सोयरिकीत तोंड घालायला धजले नव्हते. आमच्या धंद्यात शेवटच्या पायरीवर नवा शब्द काढत नाहीत, हे मीच दुसऱ्यांना शिकवलेलं.

लग्न वडनेरच्या विहारात झालं. त्रिशरण, पंचशील, हार घातले, आणि दुपारी पंगत बसली. मुलीकडच्या भाऊबंदांच्या ओळीत बसायला एकच पाहुणी होती. अनुराधाच्या आईनं तिथं रीतसर पाट मांडला, ताट वाढलं, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला. तिकडं डोरोथीबाई नवा झगा घालून, टेबलावर पाव आणि उकडलेलं अंडं घेऊन बसल्या होत्या. वाढपी फोनापुढं थबकत, मग गालात हसून पुढं जात. बुंदीची पाळी आली तेव्हा पातेलं स्वतः नामदेवरावांनी घेतलं. फोनापुढच्या ताटात त्यांनी ओंजळभर बुंदी वाढली आणि म्हणाले, "घ्या बाई, लाजू नका. तुमच्याच घरचं लगन हाय." डोरोथीबाईंनी पावाचा तुकडा तोडून तोंडात घातला. आम्ही सगळ्यांनी मग पहिला घास घेतला.

जेवणं आटोपत आली. अनुराधा नव्या शालूत फोनापाशी येऊन बसली. डोरोथीबाईंच्या मागं भिंतीवर नकाशा दिसत होता. त्या उठल्या, वडनेरच्या टाचणीवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. अनुराधाचा चेहरा उतरला, ते मला लांबूनही दिसलं.

नामदेवरावांनी विचारलं, काय म्हणतात त्या? अनुराधा मान खाली घालून म्हणाली, काही नाही, ही टाचणी आता एकट्या आईची राहील म्हणतात. माझी काढली असं धरायचं ना, एवढं विचारतात.

जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की ही सोयरीक मी जुळवली नसती तर बरं होतं.

नामदेवरावांनी बुंदीचं पातेलं खाली ठेवलं आणि धोतराला हात पुसले.

"काढू नका म्हना. तळेगावले लावा," ते म्हणाले. "पोरगी आमची झाली म्हून नाव काऊन सोडन? मले दुसरं घर पायजे होतं ना. आता माह्यंच घर दुसरं झालं."

अनुराधानं ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तिची आई तोंडावर पदर धरून बसलेली. पंकज बापाकडं पाहत राहिलेला. सांगणार कोण? मला तर इंग्रजीचं ओ की ठो येत नाही. शेवटी मी माझ्या पदराच्या दोन्ही टाचण्या काढल्या, फोनापुढं धरल्या, आणि एक इथं, एक तिथं अशी हवेत टोचून दाखवली. डोरोथीबाईंनी चष्मा सारखा केला, नीट पाहिलं, आणि डबीत हात घातला.